झुलाल आबांची चौकशी

कबड्डीला कोच असतो, क्रिकेटला असतो, कुस्तीला वस्ताद असतो, इथवर झुलाल आबांना मान्य होतं. पण नवरा सोडायला कोच? चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असलं काही ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यापासून घास घशाखाली नीट उतरत नव्हता.

जळगावात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर ती खोली होती. दाराला पाटी: 'रूपल, डिव्होर्स कोच'. आत आबांची मुलगी कोकिळा त्या बाईसमोर बसलेली, दार लोटलेलं, आणि आबा बाहेर बाकावर. आत जायला त्यांनी पाय उचलला होता, तर त्या बाईने हात जोडून, हसून, अगदी गोड आवाजात सांगितलं, "आबा, तुम्ही जरा बाहेर बसा." घ्या! पोर यांची, संसार मोडतोय यांच्या पोरीचा, आणि बाहेर बसायचं यांनीच.

दार उघडलं होतं तेवढ्या वेळात आबांनी खोली नजरेखालून घातली होती. वकिलाकडे असतात तशी जाडजूड पुस्तकं नव्हती. देवाचा फोटो नव्हता. डिग्रीची चौकट नव्हती. होतं काय, तर दोन खुर्च्या, खिडकीत एक वेल आणि कोऱ्या वह्यांचा गठ्ठा. कोऱ्या वह्या घेऊन बसलेली बाई लोकांचे काडीमोड करते म्हणे. आबांचा डावा डोळा बारीक झाला. संशय आला की त्यांचा तो डोळा बारीक व्हायचा, हे अख्ख्या अमळनेर स्टँडला माहीत होतं.

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी लागली, कोणती लेट आहे, कोणती रद्द झाली, हे स्टँडवरच्या भोंग्यातून सांगण्यात अठ्ठावीस वर्षं गेली. माणूस समोर आला की गाव विचारायचं, मग आडनाव, मग सोयरे कुठले. तिसऱ्या प्रश्नाला कुठून तरी नातं निघायचंच. खानदेशात निघतंच. पण या बाईने पहिल्याच भेटीत त्यांची पंचाईत करून ठेवली होती.

"गाव कोणतं म्हणायचं?"

"जळगाव."

"तसं नाही हो. मूळ गाव?"

"इथलंच, आबा."

"बरं, आडनाव?"

"रूपलच म्हणा."

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला आडनाव सांगता येत नाही त्याच्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?

तासाभराने कोकिळा बाहेर आली. चेहरा रडलेला नव्हता. महिन्याभरापूर्वी ती दिवाळीला म्हणून धुळ्याहून माहेरी आली आणि परत गेली नाही, तेव्हापासून आबांनी तो चेहरा रडलेलाच पाहिला होता. त्यांना खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या मनात आलं ते वेगळंच. या बाईने पोरीला काही तरी करून ठेवलंय.

कोकिळाच्या संसाराची गोष्ट लांबलचक नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिला धुळ्याला देवपुरात दिली. नवरा नवल नरडाण्याला कंपनीत, घर स्वतःचं, एकुलता एक. सुमनबाईने स्थळ आणलं. सुमनबाई ही आबांची चुलत बहीण, नवलच्या घरामागच्याच गल्लीत राहणारी. 'भाऊ, पोरगा सोन्यासारखा आहे,' असं तिने फोनवर सांगितलं, आबांनी आणखी चार ठिकाणी विचारलं, चौघांनी तेच सांगितलं. कोकिळा बी.एड. झालेली. शिक्षिका व्हायचं तिच्या डोक्यात शाळेपासून होतं. नवलने तिचा नोकरीचा अर्ज पहिल्यांदा फाडला तेव्हा ती गप्प बसली, दुसऱ्यांदा फाडला तेव्हा बोलली, तिसऱ्यांदा फाडला आणि ती पुन्हा बोलली तेव्हा त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एवढंच. तेवढं पुरे होतं.

परतीच्या गाडीत आबांनी विचारलं, "काय शिकवलं आज त्या वस्तादाने?"

"शिकवत नाहीत हो त्या. विचारतात."

"काय विचारतात?"

"मला काय काय हवंय. कशाची भीती वाटते. नवलचा मेसेज आला की उत्तर द्यायच्या आधी पाणी प्यायचं आणि दोन ओळींच्या वर लिहायचं नाही, असं ठरवलंय आम्ही. सगळं वहीत लिहायचं."

"पाणी प्यायचं!" आबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरचा केळीवाला जागा झाला. "पाणी पी, हे सांगायला फी? अगं, आपला वकील आहे ना?"

"वकील नोटीस लिहितात, आबा. नोटिशीनंतर मला घाम फुटतो, त्याचं ते काय करणार?"

आबा खिडकीबाहेर पाहू लागले. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. या बाईचा डाव काय असेल? नवलच्या बाजूने तर काम करत नसेल? दोन्हीकडून खाणारे लोक त्यांनी एसटीत कमी पाहिले नव्हते.

घरी कमलबाई भाकरी टाकत होत्या. आबांनी सगळं ऐकवलं. त्यांनी तव्यावरची नजरही काढली नाही. आबांची स्टँडवरची मराठी घरातही सुटत नसे, कमलबाईंची अहिराणी कधी बदलली नाही. "तुम्हले काय करनं शे?" त्या म्हणाल्या. "पोर दोन घास खावाले लागनी ना, बस."

"अगं पण कोणाची कोण बाई, चौकशी नको करायला?"

"चौकशी करीसनच लगीन लायं व्हतं ना तुम्ही?"

हे मात्र आबांना झोंबलं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने कोकिळा चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली. हातात ती वही होती. ती वहीची पानं चाळत राहिली. एका पानावर थांबली, पेनाने काही तरी खोडलं आणि वही मिटली.

"आबा, एक सांगू? पण तुमच्याजवळच ठेवायचं."

"अगं, बापाला अशी अट घालतात का?"

मग तिने सांगितलं. एका शाळेने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. कोणत्या, ते ती बोलली नाही, आणि आबांनीही त्या घाईत विचारलं नाही. पुढच्या सोमवारी. दहावीपासून बी.एड.पर्यंतचे सगळे मूळ कागद दाखवावे लागणार होते, आणि कागदांची ती निळी फाईल धुळ्याला, तिच्या लग्नातल्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या तळाशी. गुरुवारी नवलची पहिली पाळी असते. तिची सासू मंदाबाई दर गुरुवारी सकाळी दत्ताच्या देवळात भजनाला जाते, दोन तास घर बंद. किल्ली कोकिळाकडे अजून होती. गुरुवारी जायचं, फाईल घ्यायची, भांडण नाही, आवाज नाही, परत यायचं.

"ही अक्कल त्या बाईची?"

"माझी. त्यांनी फक्त विचारलं, तुझं त्या घरात असं काय आहे की ज्यावाचून तुझं अडेल. मी दागिने लिहिले, खोडले, आणि फाईल लिहिली."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"मला, रूपलताईंना. आणि आता तुम्हाला. आईलासुद्धा नाही सांगितलं."

आबांना छाती फुगल्यासारखं वाटलं. आईला नाही, त्यांना सांगितलं. पण रूपलताईंना! म्हणजे गुरुवारचा दिवस, वेळ, पेटीतला तळ, सगळं त्या बिनआडनावाच्या बाईच्या मुठीत. आणि तिने उचलून नवलला एक फोन केला तर? पोरीचा भरवसा बसला म्हणून बापाने डोळे मिटून बसायचं होय? छे! आबांनी त्याच क्षणी ठरवलं, या बाईची चौकशी करायची.

आता खानदेशात चौकशी कशी चालते ते सांगायला हवं. चौकशी फुकट मिळत नाही. 'अमुक माणूस कसा आहे' असं विचारलं की समोरचा आधी म्हणणार, 'का हो, काही ठरतंय का?' तिथे तुम्ही तोंड मिटलंत की तोही मिटतो. तुम्ही तुमची गाठ बोटभर सोडायची, मग तो त्याची सोडतो. सोयरिकी अशाच जुळतात, जमिनी अशाच विकल्या जातात. आबा यात मुरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कांतीलाल शेठच्या दुकानात गेले. कोकिळाच्या लग्नाचा बस्ता याच गादीवर बसून बांधला होता, वऱ्हाडाचे सगळे कपडे इथलेच. शेठचे नातेवाईक जळगाव, धुळे, चोपडा, सगळीकडे पसरलेले. चहा आला. आबांनी नाव टाकलं.

"रूपल? चष्मा लावते ती? उंच?" शेठने टेप बाजूला ठेवली. "अहो, ती आमच्या मारवाड्यांतल्या जतनबाईची सून होती की. होती म्हणतोय मी. नवरा सोडून आठ वर्षं झाली. माहेरचं आडनाव लावत नाही, सासरचं तर नाहीच."

"सासर कुठलं?"

"धुळं."

आबांच्या हातातली बशी थांबली. धुळं!

"पण तुम्हाला कशाला हवी ती?" शेठने विचारलं. आबांनी गाठ बोटभर सोडली, कोकिळाचं जरा बिनसलंय एवढंच सांगितलं. शेठने मान हलवली आणि आवाज खाली आणला. "सांभाळून बरं का, आबा. स्वतःचं घर मोडलेली बाई दुसऱ्याचं काय जोडणार?"

दुकानाबाहेर पडताना आबांच्या डोक्यात सगळं चित्र तयार होतं. बाई धुळ्याच्या घरातली. धुळ्यात तिचे लागेबांधे. नवलची गाठ घेणं तिला किती अवघड? गुरुवारी ती नवलच्या घरी जाऊन आधीच सौदा करून बसेल, फाईल लपवा, पोरीला फारकतीवर सही करायला मी लावते, म्हणून. आबांचं मन एकदा उताराला लागलं की ब्रेक नव्हते. हे पकडायचं कसं? तर गुरुवारी त्या घरावर कोणाची तरी नजर हवी. गल्लीतलंच माणूस हवं. आपल्या रक्ताचं.

स्टँडजवळच्या लिंबाखाली उभं राहून त्यांनी सुमनबाईला फोन लावला.

"सुमन, एक काम आहे. तुझ्यामाझ्यातच ठेव."

"भाऊ, असं बोलता? मी कधी कोणाला काही सांगितलंय?"

"गुरुवारी सकाळी नवलच्या घराकडे जरा लक्ष ठेव. एक उंच, चष्मेवाली मारवाडी बाई तिथे आली, तर मला लगेच फोन कर."

"कोण बाई? आणि गुरुवारीच का?"

गाठ बोटभर सोडावी लागली. मग आणखी बोटभर. कोकिळाची सोमवारी नोकरीची मुलाखत आहे, तिचे कागद तिथे आहेत, गुरुवारी ती येऊन ते नेणार आहे, आणि मध्ये ही बाई काही काळंबेरं करेल अशी शंका आहे. "पण सुमन, कोणाला सांगायचं नाही."

"माझ्या गळ्याची आण, भाऊ."

आबा निर्धास्त घरी आले आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

गुरुवारी कोकिळा सकाळच्या धुळे गाडीने गेली. आबा ओट्यावर बसून राहिले. अकरा वाजले, सुमनबाईचा फोन नाही. बारा वाजले, नाही. म्हणजे ती चष्मेवाली आली नाही. आबा थोडे नाराजच झाले, खोटं कशाला बोला.

चार वाजता कोकिळा परतली. हातात काही नव्हतं. चप्पल न काढताच ती घरात आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"माझी वाटच पाहत होते, आबा," ती म्हणाली. "नवलने रजा टाकली होती. सासूबाई भजनाला गेल्याच नाहीत, दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पेटी अंगणात आणून उघडी करून ठेवलेली. साड्या होत्या, फाईल नव्हती. नवल म्हणाला, कागद पाहिजेत ना, रविवारी बैठकीला या. पंचांसमोर फारकत लिहून द्यायची, मी माझ्या मर्जीने घर सोडलं, माझं काही मागणं नाही म्हणून सही करायची, आणि फाईल न्यायची. आणि म्हणाला, कोणत्या शाळेत जाणार आहेस तेवढं कळू दे, तिथेही येतो तुझे गुण सांगायला."

कमलबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

आबा कडाडले. "मी सांगत होतो! पहिल्या दिवसापासून सांगत होतो! गुरुवार कोणाला माहीत होता? तुला, मला आणि त्या बयेला! धुळ्याची सून होती ती, माहीत आहे का तुला? विकलं तिने तुला, पोरी, विकलं!"

कोकिळाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठून मोरीत तोंड धुवायला गेली.

शुक्रवारी आबा एकटेच जळगावला गेले. बाकावर बसले नाहीत, दार ढकलून सरळ आत शिरले. रूपल टेबलाशी काही लिहीत होती. तिने खुर्ची पुढे केली. आबा उभेच राहिले आणि गाडी रद्द झाल्यावर उतारू जसे त्यांच्यावर तुटून पडत, तसे तिच्यावर तुटून पडले. धुळ्याचं सासर काढलं, सोडलेला नवरा काढला, कोऱ्या वह्या काढल्या, फी काढली. आबा दमले, तेव्हा तिने पाण्याचा पेला सरकवला.

"पाणी नको मला! उत्तर द्या!"

"देते. धुळ्यातून मी निघाले तेव्हा माझ्या बाजूने कोणी नव्हतं, आबा. वकील होता, पण तो तारखेला भेटायचा. बाकीचे दिवस मी एकटी होते, आणि त्या एकटेपणात मी जे करायला नको ते सगळं केलं. ज्यांना सांगायला नको त्यांना सगळं सांगितलं. म्हणून हे काम करते. तुम्हाला पटलं नाही तर कोकिळाने येणं थांबवावं, मी एक शब्द बोलणार नाही." मग तिने चष्मा काढून पुसला. "आता मी विचारू?"

"विचारा."

"गुरुवारचं तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"मी?" आबा जवळजवळ ओरडले. "पोटच्या पोरीचं गुपित मी सांगेन? कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही!"

"बरं. कोणाला विचारलं होतं?"

खाली चष्म्याच्या दुकानात कोणी तरी मोठ्याने अक्षरं वाचत होतं.

"चौकशी केली फक्त," ते म्हणाले. "तुमची. करायलाच पाहिजे. बाप आहे मी."

"हो," रूपल म्हणाली. एवढंच. त्यात टोमणाही नव्हता, आणि तेच आबांना सहन झालं नाही. ते जिना उतरून खाली आले.

स्टँडवर गाडी लागेपर्यंत त्यांनी सुमनबाईला फोन लावला.

"सुमन, खरं सांग. गुरुवारचं तू मंदाबाईंना सांगितलंस?"

"अगं बाई! भाऊ, सांगेन कशी मी? मी काय वेडी आहे?" सुमनबाईला खरोखरच वाईट वाटलं होतं, आवाजात कळत होतं. "तुम्ही म्हणालात ना, चष्मेवालीवर लक्ष ठेव. मला ती ओळखू कशी यायची? म्हणून बुधवारी मंदाबाईंना नुसतं विचारलं, 'उद्या तुमच्याकडे कोणी उंच मारवाडी बाई येणार आहे का हो?' त्या म्हणाल्या, 'का?' मग थोडं सांगावंच लागलं, भाऊ. नुसतं विचारलं तर माणसाला संशय येतो."

आबांनी फोन बंद केला. अमळनेरची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. आबा तिथेच उभे होते. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी डोळ्यांदेखत एकही गाडी चुकवली नव्हती.

ते घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. कमलबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. कोकिळा मागच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होती. पुढच्या खोलीत, खाटेवर, ती वही उघडी पडली होती. आबा दुसऱ्याच्या वहीत डोकावणारे नव्हते. पण पानाच्या वरच्या ओळीवर नजर पडली आणि ते थांबले.

'ज्यांना सांगायचं नाही', असं ठळक लिहून खाली रेघ मारली होती. खाली आकडे. दोनवर सुमन आत्या. तीनवर मोठे काका. चारवर पुष्पा वहिनी. आणि एकवर, सगळ्यांच्या वर, आबा.

एक नंबरचं नाव एका सरळ रेघेने खोडलं होतं. रेघेच्या पुढे कोकिळाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आबा कोणाला सांगणार नाहीत.'

आबा खाटेच्या काठावर बसले. ओट्यावर पेन चाललं होतं ते हे. त्या बाईने पोरीला सावध केलं होतं, आणि पोरीने त्या बाईचं न ऐकता बापावर भरवसा टाकला होता. अख्ख्या कागदावर भरवसा फक्त एकाच माणसावर. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, ज्याने अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या नोंदी केल्या तेच, आणि यादीच्या शेवटी, पुढचा नंबर घालून, स्वच्छ अक्षरात लिहिलं: झुलाल.

वर पाहिलं तर दारात कोकिळा उभी होती.

"पोरी," आबा म्हणाले, "ती बाई नव्हती. मी होतो."

"माहीत आहे, आबा."

"कधीपासून?"

"गुरुवारी सकाळपासून. सासूबाई दारातच म्हणाल्या, 'तुझ्याबरोबर ती मारवाडी बाई नाही का आली? सुमनबाई विचारत होत्या.'"

"आणि मी दोन दिवस त्या बिचारीला शिव्या घालतोय, तू ऐकून घेतलंस? का नाही बोललीस?"

कोकिळाचे डोळे भरून आले. "हिंमत झाली नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही कोलमडाल असं वाटलं. माझ्या बाजूने तुम्हीच होतात हो."

आबा लहान मुलासारखे रडले. कोणी रडू नको म्हणालं नाही, हे बरंच झालं.

रविवारी बैठकीला कोणी गेलं नाही. शनिवारीच कोकिळाने पोलीस ठाण्यात कागद अडवून ठेवल्याचा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, बोर्डाकडे आणि विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतींसाठी अर्ज पाठवले, शाळेला फोन करून झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. शाळा म्हणाली, पोच आणि तुमच्याकडच्या झेरॉक्स घेऊन या, मुलाखत घेऊ, पुढचं मग पाहू. हे सगळं कमलबाईंकडून आबांना तुकड्यातुकड्याने कळलं. शाळा कोणती, कोणत्या गावाची, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. कमलबाई सांगायला लागल्या तर उठून बाहेर गेले. त्या बाईबद्दल विचाराल, तर आडनाव न लावणं त्यांना अजूनही पटलेलं नव्हतं. फी जास्तच आहे असंही ते म्हणत. पण आता हळू म्हणत.

सोमवारी पहाटे उठून कोकिळाने निळसर साडी नेसली. झेरॉक्सची पिशवी खांद्याला. आबा ओट्यावर दातण करत बसले होते, पाठ तिच्याकडे करून. मुद्दामच. पोर कोणत्या रस्त्याने जाते तेही दिसायला नको.

पायऱ्या उतरून ती थांबली. परत मागे आली.

"आबा, चोपड्याची पहिली गाडी किती वाजता सुटते?"

आबांच्या हातातलं दातण खाली पडलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"सहा चाळीस," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "सहा चाळीस. फलाट तीन. खिडकीशी बस, डाव्या बाजूला. ऊन लागत नाही."

ती गेली. नऊच्या सुमारास फोन वाजला. सुमनबाई.

"भाऊ, काल बैठकीला आला नाहीत ते? सगळे विचारत होते. बरं, कोकिळाची आज मुलाखत आहे म्हणे? कुठल्या शाळेत हो? अमळनेरातच का चोपडा, पारोळा? तसं काही नाही, आपली काळजी वाटते म्हणून विचारलं."

तिच्या मागे कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. आबांचा डावा डोळा बारीक झाला. चोपड्याची गाडी या वेळेला कधीच पोचलेली असणार, पोर शाळेच्या दारात उभी असणार. कोणती गाडी कुठे गेली हे कोणी विचारावं आणि झुलाल आबांनी सांगू नये, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"माहीत नाही, सुमन," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.